कबरस्तानातला तरवड

शांतवन गेला त्या उन्हाळ्यात शेवगावकडच्या त्या गावात टँकर चार दिवसांआड यायचा. मरियाने नवऱ्याच्या कबरीवर गुलाब लावला आणि घागरीतलं उरलेलं पाणी ती त्याला घालू लागली. टँकरवर बायका कुजबुजल्या. पंधरा दिवसांत गुलाब वाळला तो वाळलाच.

त्यावर मरिया गप्प बसणारी नव्हती. नेवाशाच्या रस्त्याला तरवडाची झुडपं होती, कुणी पाणी न घालता वाढलेली. तिने त्याच्या वाळक्या शेंगा ओरबाडून आणल्या. बी टणक, म्हणून कढत पाणी ओतून रात्रभर भिजवलं आणि आषाढात कबरीच्या उशाला मुरूम उकरून टोचलं. पाऊस दडी मारायचा तेव्हा ती तांब्याभर पाणी घाली, भोवती दगड रचून माती धरून ठेवी. शेळ्या तरवडाला तोंड लावत नाहीत, त्यामुळे राखणीचा प्रश्न नव्हता. पुढचा उन्हाळा रोपांनी मरियाच्या मदतीशिवाय काढला. पावसाळा सरता सरता ती कमरेएवढी झाली आणि पिवळ्या फुलांनी भरली.

त्याच वर्षी रस्ता रुंद झाला आणि कडेचा सगळा तरवड जेसीबीखाली गेला. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी शेजारची कडूबाई मरियाच्या दारात आली. घटाच्या माळेला तरवडाची फुलं लागतात, कुठंच मिळेनात, असं ती संकोचत म्हणाली. मरिया तिला घेऊन कबरस्तानात गेली आणि स्वतःच्या हाताने तिची ओटी भरून फुलं दिली. दुसऱ्या दिवशी आणखी बायका आल्या. त्यांनाही दिली.

जेम्स हा शांतवनचा थोरला भाऊ, चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी. रविवारी उपासना संपल्यावर त्याने मरियाला सगळ्यांसमोर अडवलं. देवीच्या माळेची फुलं आपल्या कबरस्तानातून जातात हे मंडळीला शोभत नाही, ते रानटी झुडूप काढून टाक, असं त्याचं म्हणणं.

मरियाने डोक्यावरचा पदर सारखा केला. "भाऊजी, शांतवनच्या उशाची फुलं हायेत. कुणाला द्यायची ते मी ठरवीन."

नाताळच्या आधी कबरस्तानाची सफाई झाली. मरिया तेव्हा माहेरी गेली होती. परतल्यावर पाहते तर तरवड जमिनीलगत तोडलेला. ती कबरीजवळ बसली, खुंट बोटांनी चाचपून पाहिले. खाली ओल होती. रडू आलं, पण रागाने ते मागे सरलं. तिने खुंटांभोवती नवे दगड रचले आणि संध्याकाळी जेम्सच्या दारात उभी राहिली. आत या म्हटल्यावरही आत गेली नाही.

"तुमी तोडलंत, ते फुटंल," ती म्हणाली. "आन् पावसाळ्यात मी कबरस्तानाच्या समद्या भिंतीकडंनं लावनार हाय. तोडायला मानसं जास्त लागतील, तयारी ठेवा."

कमिटीने बैठक घेतली. एकट्या शांतवनच्या कबरीवर राहू द्यावं, बाकी कुठे लावू नये, असा निरोप आला. निरोप घेऊन आलेल्या माणसाला तिने चहा दिला आणि हे आपल्याला मान्य नाही, म्हणून सांगा, असं म्हणाली.

उन्हाळाभर तिने लांबच्या गावांच्या वाटेवरून, ओढ्याकाठून बी गोळा केलं. खुंटांना चैत्रात धुमारे आले होते. आषाढ लागला तशी ती कुदळ घेऊन भिंतीच्या कडेला मुरूम फोडू लागली. गावातली माणसं वाटेने जाता-येता बघत. मदतीला कुणी आलं नाही, अडवायलाही नाही.

तिसऱ्या दिवशी फाटक वाजलं. जेम्सची बायको ग्लोरिया आत आली. तिच्या हातात झाकलेलं पातेलं होतं, आत रात्रभर भिजवलेलं बी. मरियाने कुदळ खाली ठेवली. कमिटीत भांडण होईल, घरातही होईल, हे तिला दिसत होतं.

"जाऊबाई, भाऊजींना इचारलं का?"

ग्लोरियाने पदर कमरेला खोचला आणि पुढच्या खड्ड्याशी बसली.

"इचारलं न्हाई," ती म्हणाली. "सांगून आलेय."