उन्हात धरलेली बेस गिटार

चौथी बेस गिटार यामनाच्या मांडीवर ठेवून वाद्यांचा दुकानदार सी जवाद याने चौथ्यांदा तेच ऐकवलं. "गिटार उत्तम आहे, पोरी. खोट तुझ्या हातात आहे. दोन बोटांनी तार हलकेच ओढायची असते. तू तर कणीक तिंबायला बसल्यासारखी बडवतेस! आधी हात बदल."

यामनाचे कान तापले. रविवारी तिला एका बँडसमोर वाजवून दाखवायचं होतं. जागा एक आणि टपलेले तिघं पुरुष. आपल्या हाताला साजेल अशी गिटार आज मिळाली नाही, तर रविवारी दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने वाजवावं लागलं असतं, आणि तसं वाजवण्यापेक्षा तिने घरी बसणं पसंत केलं असतं.

कोपऱ्यात तिचे वडील पुदिन्याचा चहा घेत बसले होते. मालेम, म्हणजे उस्ताद; मालेम फराजी म्हणजे अख्ख्या कासाब्लांकात गेंब्रीचा शेवटचा शब्द. तीन तारा, पोकळ लाकूड आणि त्यावर उंटाचं कातडं; जिनांना बोलवायचं ते याच वाद्याने. बायकांनी धूप जाळावा, घुमावं, पण वाद्याला शिवू नये, हा घराण्याचा कायदा. घराबाहेर पडताना मालेम गेंब्री भिंतीला टांगायचे आणि सगळ्यांकडे बघून दरडावायचे, "हात लावायचा नाही!" बेस गिटार त्यांच्या लेखी खेळणं होतं, म्हणून तिला मुभा होती. पोरगी मोबाइलवर बघून शिकली, असं ते चारचौघांत सांगत.

"हात राहू दे," यामना म्हणाली. "गिटार बदला. ती वरची काढा."

"ती? अगं, ती ढेरपोटी आतून पोकळ आहे. पाच वर्षांत कुणी ढुंकून बघितलं नाही. वर तिला पडदेही नाहीत. बोट कुठे ठेवायचं ते कोण सांगणार तुला?"

"कान आहेत ना मला, सी जवाद!"

कुरकुरत त्याने ती खाली काढली, धूळ झटकली. यामनाने गिटार उचलली आणि सरळ दारात गेली. तिथे दुपारचं ऊन पडलं होतं. तिने गिटारीचं पोट उन्हाकडे धरलं, जरा थांबली, मग कान लावून बोटाच्या पेराने टकटक केली.

जवाद खो खो हसत सुटला. "अगं वेडे, लाकूड आहे ते! ऊन देऊन ताणायला उंटाचं कातडं आहे का?"

यामना जागच्या जागी थिजली. मालेम हसले नाहीत. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"हे कुठे शिकलीस?"

तुम्हाला करताना बघितलं, एवढं म्हणाली असती तरी निभावलं असतं. पण आयुष्यभर भिंतीकडे चोरून बघत जगायचा तिला एकदम वीट आला.

"तुमच्या गेंब्रीवर, बा. तुम्ही बाहेर गेलात की खाली काढते. अकरा वर्षं झाली."

"बाईचा हात!" मालेम ताडकन उठले. "माझ्या वाद्याला?"

"हो, बाईचाच. आजवर ना वाद्य रुसलं, ना जिन. रुसायचं असेल तर तुम्ही रुसा."

आणि परवानगीची वाट न बघता ती वाजवायला बसली. आधी तिने जाड तार किंचित उतरवली. मग अंगठा तारेवर पडला आणि त्याच झटक्यात बोटं गिटारीच्या पोटावर. आधीच्या चारही भरीव गिटारी बोटांचा ठोका गिळून बसल्या होत्या. हिच्या पोटातून तो घुमून बाहेर आला, तारेच्या खांद्याला खांदा लावून. समोरचा चांभार हातोडी थांबवून बघू लागला. यामनाने एकदाही मान खाली घातली नाही. ती बापाच्या डोळ्यांत बघत वाजवत राहिली, आणि मनात आलं तेव्हाच थांबली.

मालेमांचा चेहरा रागाने काळाठिक्कर पडला होता. ते बोलले, पण तिच्याशी नव्हे, गिटारीशी बोलल्यासारखे. "परत आलो की जाड तार नेहमी उतरलेली असायची. मी समुद्राच्या हवेला शिव्या घालायचो."

"मला ती तशीच लागते," यामना म्हणाली. "रविवारीही तशीच उतरवणार."

घरी जाऊन मोठं भांडण होणार, हे तिला दिसत होतं. झालं तर झालं. तिने पैसे काढून ठेवले, शिवणकामाचे, स्वतःचे.

जवादला आता गिटार खपल्याचा आनंद झाला होता. "मालेम, हात आहे हो पोरीला! फक्त ही जाड तार उतरलीय. थांब, नीट चढवून देतो," म्हणत तो गिटारीकडे वळला.

"हात लावायचा नाही!"

मालेम असे कडाडले की जवादचा हात हवेतच राहिला.