अध्यक्ष नसलेलं मंडळ

“कण भिंतीत शिरायच्या आधीच पलीकडे निघतोय,” रत्नप्रभा म्हणाली आणि हरेश्वरने आणलेला कागद तिने धुरी सरांपुढे सरकवला.

रविवार होता. घाटकोपरच्या कॉलेजची फिजिक्सची प्रयोगशाळा सरांनी प्राचार्यांशी गोड बोलून उघडून घेतली होती. सरांनी चष्मा पुसला, आकडे पाहिले आणि आधी कॉम्प्युटरवरच संशय घेतला. हरेश्वर तांडेल अंधेरीच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचा आणि जेवणाच्या सुट्टीत साहेबाची नजर चुकवून यांची गणितं त्यात घालायचा. त्याने सगळं पुन्हा चालवून पाहिलं होतं. आकडे तेच येत होते.

हे तिघांचं मंडळ श्यामकांत धुरींनी चौऱ्याऐंशी साली जमवलं. त्याआधी ते शहरातल्या एका बड्या संस्थेत होते. तिथे साहेबांपुढे कुणी तोंड उघडत नसे. साहेब चुकले तर ती चूक सगळा विभाग मिळून जपायचा. धुरी विटले आणि कॉलेजात शिकवायला लागले, पण क्वांटम फिजिक्स काही डोक्यातून जाईना. अंगात पुरेसा जोर नसतानाही एखादा कण भिंतीपलीकडे निघून जातो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जायला त्याला वेळ किती लागतो, यावर जगभर वाद चालले होते. त्या वादात उपनगरातल्या तीन माणसांनी का उतरू नये, असा सरांचा साधा सवाल होता.

मग दहिसरहून रत्नप्रभा राऊळ आली, तीही लेक्चरर. सरांचा जुना विद्यार्थी हरेश्वर आला. इथे प्रमुख कुणी नाही, ज्याला सवड त्याने पडेल ते काम उचलायचं, असं ठरलं. रत्नप्रभा बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा तिचं गणित हरेश्वरने पुढे नेलं. त्याच्या बहिणीच्या लग्नाच्या गडबडीत त्याचा प्रोग्राम तिने शिकून घेतला. आणि आपलं गणित आपण तपासायचं नाही, दुसऱ्याने तपासून खाली सही करायची. सरांची बायको शकु यावर हसायची. अध्यक्ष नसलेलं मंडळ मुंबईत कधी टिकलंय का, असं तिचं म्हणणं. त्यांच्या कांजूरमार्गच्या चाळीत गणपतीलाच तीन अध्यक्ष होते.

सरांना मात्र या मंडळाचा भारी अभिमान. पुढच्या महिन्यात रत्नप्रभा एका परिषदेत तिघांचा पहिला निबंध वाचणार होती. तिची रजाही मंजूर झाली होती. आणि आता हे असं.

दुपारपर्यंत तिघांनी रत्नप्रभाचा भाग पाहिला, हरेश्वरचा पाहिला. दोन्ही ठीक होते. राहिली ती सरांची मूळ रीत, जिच्यावर बाकीचं सगळं उभं होतं. ती तर हरेश्वरने तपासलीच होती, असं सर म्हणाले. हरेश्वरने मान खाली घातली.

“मी नव्हती तपासली, सर. नुसती सही केली.”

“का रे?”

“तुमची होती ना ती.”

वेसाव्याला मासळी विकणाऱ्या त्याच्या आईने सरांचं नाव कधी हात जोडल्याशिवाय घेतलं नव्हतं. त्या घरातला मुलगा सरांचं गणित तपासणार कसा? रत्नप्रभा भडकली. परिषदेत उभं राहून तोंडघशी मी पडले असते, असं तिने त्याला सुनावलं. मग तिनेच कबूल केलं. एका जागी तिलाही शंका आली होती. सरांनी मुद्दाम तसं घेतलं असेल, म्हणून तिने ती गिळली होती.

सरांना वाईट वाटलं, आणि ते चुकीचं नव्हतं. ज्या साहेबाला कंटाळून ते पळाले होते, तो साहेब ते स्वतःच होऊन बसले होते. तेही कुणावर आवाज न चढवता, नुसत्या चांगुलपणाने.

“मी समोर असलो तर तुमच्याच्याने व्हायचं नाही,” असं म्हणून ते उठले आणि बाहेर शिपायाच्या बाकड्यावर जाऊन बसले.

आत आधी कुजबुज चालली. सरांनी असं का घेतलं असेल, याची कारणं दोघं शोधत होते. मग आवाज चढू लागले. “हे काय आहे यार? हे इथे चालतच नाही,” हरेश्वर म्हणाला. “मग खोड ना,” रत्नप्रभाचा आवाज आला. “खालचंही खोड.” सर कान देऊन ऐकत राहिले. गेल्या चार वर्षांत ही दोघं इतकी मोकळी भांडलेली त्यांनी ऐकली नव्हती.

चार वाजून गेल्यावर रत्नप्रभा दारात आली.

“सर, चूक एका ओळीची नाहीये. रीतच चुकलीय. हरेश्वरने दुसरी काढलीय, ती बसतेय. पण मग...” ती अडखळली. “मग तुमचं त्यात काही उरत नाही.”

“मग निबंधावर नावं दोनच घाला,” सर म्हणाले.

ती काही बोलणार होती, पण ते तिच्या बाजूने आत गेले. हरेश्वर घाईने सरांच्या खुर्चीवरून उठला. सरांनी त्याला हातानेच थांबवलं आणि ते मुलांच्या पहिल्या बाकावर जाऊन बसले. हरेश्वर फळ्यावर लिहू लागला. दोन ओळी झाल्या आणि सरांनी हात वर केला.

“इथून मला कळलं नाही रे. परत सांग.”

हरेश्वरने परत सांगितलं. त्यांना अजूनही कळलं नव्हतं, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं.

“लक्ष कुठे आहे तुमचं, सर?” फळ्याकडेच बघत हरेश्वर म्हणाला आणि पहिल्या ओळीपासून सांगू लागला.