माझ्यावर ‘बारावी’ लिहिलंय

मी एक फाइल बोलतेय. पुठ्ठ्याची, राखाडी, नाडीने बांधायची. माझ्या अंगावर जाड निळ्या स्केचपेनने ‘बारावी’ असं लिहिलंय आणि ते साफ खोटं आहे. मी हे सगळं गोड आवाजात सांगावं अशी कुणाची अपेक्षा असेल, तर त्यांनी रॅकवरची दुसरी एखादी फाइल बघावी. इथे माझ्या सतरा बहिणी आहेत आणि सगळ्या गप्प बसणाऱ्या.

माझा जन्म पुण्याचा. आप्पा बळवंत चौकाच्या मागे एका बोळात एक म्हातारे गृहस्थ पुठ्ठे कापायचे, कडेला कापडी पट्टी चिकटवायचे, भोकं पाडून नाड्या ओवायचे. सुट्टीवर आलेला शैलेंद्र तिथे आला आणि दोन डझन फायलींसाठी अर्धा तास घासाघीस करत बसला. “अमेरिकेत अशा मिळत नाहीत हो,” तो म्हणाला. म्हाताऱ्याने विचारलं, “मग तिथली माणसं कागद कशात ठेवतात?” शैलेंद्र म्हणाला, “कशातही!” त्या एका शब्दातच मला हा माणूस कळला होता. जगात कागद नीट ठेवणारा आपण एकटेच, अशी याची ठाम समजूत.

बॅगेत मी भाजणीच्या पिशवीखाली होते. पिशवी फुटली. तो वास अजून माझ्या घड्यांत आहे.

तेव्हापासून मी अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या या तळघरात राहते. एका बाजूला कपडे धुण्याचं आणि वाळवण्याचं मशिन, दुसऱ्या बाजूला शैलेंद्रचं ऑफिसचं टेबल, मध्ये आमचा लोखंडी रॅक. दर मार्चमध्ये तो मागच्या वर्षाच्या टॅक्सचे कागद भरतो, त्यांची प्रत काढतो, एका कोऱ्या फाइलमध्ये बांधतो. आणि मग फाइलवर साल लिहायचं सोडून जिन्याकडे तोंड करून ओरडतो, “वीणा, मागच्या वर्षी जानेवारीत इला कितवीत होती?”

इला त्यांची एकुलती एक मुलगी. वीणा, त्याची बायको, वरून ओरडून उत्तर देते आणि तेच फाइलवर लिहिलं जातं. बालवाडी. पहिली. दुसरी. सालं लक्षात राहत नाहीत, पण पोरीची इयत्ता राहते, असं तो मित्रांना कौतुकाने सांगायचा. मित्रही माना डोलवायचे. अरे, पण मुलगी डिसेंबरपर्यंत त्याच वर्गात बसून राहते का? उन्हाळ्यात पुढच्या वर्गात जाते ना? हा प्रश्न त्याला कधीच पडला नाही, आणि फायलींना कोण विचारतं.

कोऱ्या गठ्ठ्यात बारा वर्षं पडून राहिल्यावर माझी पाळी आली.

ज्या वर्षाचे कागद माझ्यात यायचे होते, त्या वर्षी मे महिन्यात इलाची शाळा संपली आणि ऑगस्टमध्ये ती कॉलेजला गेली. कॉलेजची पहिली फी शैलेंद्रने त्याच ऑगस्टमध्ये भरली. या देशात कॉलेजच्या फीवर टॅक्समध्ये सूट मिळते, एका मुलामागे जास्तीत जास्त चार वर्षं. त्याने त्यासाठीचा अर्ज स्वतः भरला, इलाचं नाव, तिच्या युनिव्हर्सिटीचं नाव, सगळं तीन तीनदा तपासून. मोठ्या अभिमानाने तो अर्ज माझ्या पोटात ठेवला. मग जिन्याकडे वळून ओरडला. वरून उत्तर आलं, “बारावीत!” आणि त्याने लिहून टाकलं. पोटात कॉलेज, अंगावर बारावी. मी तेव्हाच चिडले होते. कुणाला काय त्याचं.

पुढे फर्स्ट इयर, सेकंड इयर, थर्ड इयर अशा तीन फायली माझ्या शेजारी आल्या. तिन्हींत तोच अर्ज. म्हणजे माझ्यासकट चार झाले. संपली सूट.

पण कॉलेज संपलं नव्हतं. ऑगस्टला सुरू होऊन मे महिन्यात संपणारी चार वर्षं कॅलेंडरच्या पाच वर्षांत पसरतात. शेवटच्या वर्षाचा टॅक्स भरताना सॉफ्टवेअरने विचारलं, ही सूट आधी चारदा घेतली आहे का? जुने कागद तपासा. दर वर्षी ज्याचं कूपन मिळेल ते सॉफ्टवेअर हा घेणार, त्यामुळे मागचं काही त्याला आपोआप दिसत नव्हतं. म्हणून स्वारी चहाचा कप घेऊन रॅकपाशी आली. फर्स्ट इयर उघडली. सेकंड उघडली. थर्ड उघडली. मग त्याचा हात माझ्यावर आला आणि मला वाटलं, आता तरी सोडेल नाडी. त्याने लेबल वाचलं. “बारावीत कसलं आलंय कॉलेज,” असं पुटपुटून मला मागे ढकललं. टेबलाशी जाऊन ‘नाही’वर टिचकी मारली. आणि ती नवी फाइल, ‘फोर्थ इयर’, आमच्या शेजारी येऊन बसली, पाचवा अर्ज घेऊन.

मागच्या सप्टेंबरात सरकारी पत्र आलं. या विद्यार्थिनीसाठी सूट आधीच चार वेळा घेतली गेली आहे, पाचवी मिळणार नाही, पैसे परत करा. मान्य असेल तर इथे खूण करा, मान्य नसेल तर तिथे, आणि कारण लिहा. मुदत तीस दिवस.

शैलेंद्रने तिन्ही फायली टेबलावर पसरल्या. “मी तीनदाच घेतली. मग चौथी कुणी घेतली?” आणि त्याला आठवलं की सेकंड इयरला इला कॉलेजच्या लायब्ररीत काम करायची आणि तिने स्वतःचा छोटासा टॅक्स स्वतःच भरला होता. बापाला न विचारता. झालं, याला चोर सापडला.

इला तेव्हा शिकागोत नोकरी करत होती. त्याने फोन स्पीकरवर लावला.

“इला, सेकंड इयरला तू कॉलेजच्या फीचं टॅक्स क्रेडिट क्लेम केलंस?”

“नो, बाबा.”

“मग आकाशातून पडलं का?”

“आय डोन्ट नो. मी फक्त लायब्ररीचा पगार दाखवला होता. कॅम्पसवर टॅक्ससाठी फ्री हेल्प होती ना, त्यांनी फाइल करून दिलं.”

“त्यांनी काय केलं ते तू बघितलंस तरी का? इतका इररिस्पॉन्सिबल कसा असू शकतो माणूस? तुझं रिटर्न पाठव.”

“ते जुन्या लॅपटॉपवर होतं. तो लॅपटॉप गेला.”

“बरा गेला!”

ती म्हणाली, “यू थिंक आय ॲम लाइंग.” शैलेंद्र काही म्हणाला नाही. नाही म्हणायला किती वेळ लागतो? फोन कट झाला आणि पुढचे तीन आठवडे तिचा फोन आला नाही.

मी जवळच होते. दोन हातांवर. खरं काय ते माझ्या पोटात होतं आणि मला तोंड नव्हतं. त्या दिवसापासून मी या माणसाचा मनापासून तिरस्कार करते. चुकतात सगळेच. याने आधी मुलीवर संशय घेतला, स्वतःवर नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्याने पत्र टाइप केलं. ‘मान्य नाही’वर खूण केली आणि कारण लिहिलं की माझ्या मुलीने, इलाने, मला न सांगता ही सूट घेतली, त्याची जबाबदारी तिच्यावर आहे. वीणा मशिनमधून कपडे काढत होती. तिने ते वाचलं.

“सरकारला लिहून देणार आहेस? स्वतःच्या मुलीचं नाव?”

“जे आहे ते लिहिलंय.”

“सगळ्या फायली बघितल्यास?”

“कॉलेजच्या सगळ्या बघितल्या. मला मोजता येतं, वीणा.”

“हे पत्र गेलं ना शैलेंद्र, तर ती परत या घरात पाय ठेवणार नाही. तुझ्यावर गेलीय ती.”

त्याने पाकिटाला तिकीट लावलं. सोमवारी टाकायचं म्हणून टेबलावर ठेवलं.

शनिवारी इला आली. तिला दूर दक्षिणेला, मॉरिसव्हिलला नवी नोकरी लागली होती आणि तिचे खोके, थंडीचा कोट असं सामान तळघरात होतं. वर कुणाशी धड न बोलता ती खाली उतरली. टेबलावरचं पाकीट तिने बघितलं. शेजारी पत्राची प्रत होती, कारण हा माणूस प्रत काढल्याशिवाय श्वासही घेत नाही. तिने ती उभ्या उभ्या वाचली. मग खाली ठेवली आणि रॅकसमोर येऊन उभी राहिली.

तिला मराठी वाचायला वेळ लागतो. रविवारच्या मराठी शाळेत तिला अक्षरं शैलेंद्रनेच शिकवली होती. ती आमच्यावरून बोट फिरवत एकेक लेबल वाचू लागली. “बा-ल-वा-डी. प-हि-ली.” चौथीपर्यंत आल्यावर तिचं बोट थांबलं. “धिस इज ऑल मी,” ती म्हणाली. या फायली तिने जन्मभर बघितल्या होत्या, वाचल्या कधीच नव्हत्या. मला वाटलं ही आता रडणार. रडली नाही. मोजत मोजत माझ्यापर्यंत आली, “कॉलेज पण त्याच वर्षी सुरू झालं ना,” असं पुटपुटली आणि माझी नाडी ओढली.

इतक्या वर्षांनी उघडले मी! भाजणीचा वास आला असणार, तिने नाक जवळ आणलं. मग एकेक कागद उलटत अर्जापर्यंत पोचली. स्वतःचं नाव वाचलं, युनिव्हर्सिटीचं नाव वाचलं.

“बाबा, खाली ये.”

तो आला. मागून वीणा आली. इलाने मला त्याच्यापुढे धरलं.

“ही कुठली फाइल?”

“बारावीची.”

“वाच.”

त्याने वाचलं. त्याचा चेहरा मी अगदी जवळून बघितला आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आता माफी मागेल असं वाटलं होतं. तर हा म्हणतो, “लेबल चुकलंय.”

“लेबल कोणी लिहिलं, बाबा?”

तो वीणाकडे वळला. “मी विचारलं होतं. तूच बारावी म्हणालीस.”

“तू जानेवारीचं विचारलंस, मी जानेवारीचं सांगितलं,” वीणा म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “माझ्यावर ढकलू नकोस.”

“पत्र पाठवलं कुठे होतं अजून,” शैलेंद्र म्हणाला.

“स्टॅम्प लावलायस,” इला म्हणाली. “मी सांगितलं होतं तुला. यू डिड नॉट इव्हन चेक.”

तिने मला टेबलावर ठेवलं, खोके उचलले आणि गेली. कोट खुंटीवरच राहिला. वीणा तो घेऊन मागे धावली, तर म्हणाली, “नको आई. मॉरिसव्हिलला एवढी थंडी नसते.”

सोमवारी शैलेंद्रने नवं पत्र लिहिलं. फार सुंदर इंग्रजी. ही चूक संपूर्णपणे माझी आहे. माझ्या मुलीचा यात कसलाही दोष नाही. मी नीट तपासलं नाही आणि त्यामुळे झालेल्या त्रासाबद्दल मनापासून क्षमा मागतो. ‘मान्य आहे’वर खूण केली, पैसे भरले. सरकारने महिनाभरात प्रकरण बंद केलं. मुलीला मात्र त्याने एक शब्द कळवला नाही. फोन वीणाच करते, वरच्या मजल्यावरून.

आता मार्च आहे. परवा त्याने मागच्या वर्षाचे कागद कोऱ्या फाइलमध्ये बांधले, स्केचपेनचं टोपण काढलं, सवयीने जिन्याकडे तोंड केलं आणि तोंड उघडलं. ओरडला नाही. मग फक्त सालाचा आकडा लिहिला. मला त्याची दया आलेली नाही. थोडी आली असेल तर ती मी दाबून टाकली आहे.

त्या क्षमापत्राची प्रत त्याने माझ्याच पोटात ठेवली आहे. रोज तिचा कागद मला टोचतो. म्हणून शैलेंद्र, शेवटचं सांगते. लेबल बदलू नकोस, मला आता सवय झाली. नाडी सोड आणि ते पत्र बाहेर काढ. मजकूर बरोबर आहे, तुझ्या आयुष्यात तू लिहिलेलं ते एकमेव बरोबर पत्र आहे. चुकलाय तो पत्ता. वरचं सरकारी खात्याचं नाव खोड, तिथे ‘इला’ लिही आणि मॉरिसव्हिलला पाठव. आणि मराठीत लिही. तिला वेळ लागतो, पण ती वाचते.