अब्बांच्या नावाचं कुलूप

त्या शुक्रवारी अब्बांचा वर्ग उशिरा सुरू झाला, कारण गावाकडे टीव्हीमागच्या वायरीवर पाल बसली होती आणि तिला हाकलायला कुणी पुढे होईना. मी रियाधमधल्या माझ्या स्वयंपाकघरात सुरमईच्या तुकड्यांना मसाला चोळत होते. फोन मिठाच्या बरणीला टेकवला होता. कॅमेरा बंद, माइक बंद. एका चौकटीत जुबैलच्या कामगार कॅम्पातल्या पलंगावर मांडी घालून बसलेले अब्बा, आणि त्यांच्या डोक्यामागे त्यांच्या खोलीतल्या रत्नाकरकाकांची वाळत घातलेली लुंगी. दुसरीत आमच्या गावच्या मच्छीमार सोसायटीची खोली आणि सतत हलणारी मुलांची डोकी. तिसरी चौकट करडी, नाव नसलेली. ती माझी.

"आवाज येतोय का?" अब्बांनी विचारलं. वर्ग नेहमी याच प्रश्नाने सुरू व्हायचा.

"येतोय, चाचा!"

"पालीला येतोय का, तेवढं बघा."

मुलं हसली. अंगणवाडीच्या अनिताताईंनी झाडूने पाल हाकलली तेव्हा आणखी हसली.

"आणि आमचे मुके साहेब आलेत का?" करड्या चौकटीकडे बघत अब्बा म्हणाले, "आलेत. सलाम साहेब. काही सूचना असल्या तर सांगा."

ते मला पंचायत समितीतला कुणी अधिकारी समजत. कुटुंबाच्या ग्रुपवर ते वर्गाची लिंक टाकायचे आणि ती कुणी उघडत नाही असं धरून चालायचे. मी उघडायची. दीड वर्षांत बहुधा एखादाच वर्ग चुकला असेल. बोलले असते तर ते लगेच बाप झाले असते. जेवलीस का, जावई बरे आहेत का, राहण्याचा परवाना, तो इकामा, रिन्यू झाला का. लहानपणापासून त्यांचा तो घाईचा, मिनिटं मोजणारा आवाज मी फोनवर पुष्कळ ऐकला होता. वर्गात ते सावकाश बोलत. एखाद्या मुलाला कळलं नाही तर चहाचा कप उचलून त्यात पाणी ओतून दाखवत. ते अब्बा मला हवे होते, आणि ते मिळवायचा हा एकच मार्ग मला सापडला होता.

अब्बा कारखान्यात मोजमापाच्या यंत्रांचं काम करत. टाकीत किती तेल आहे, पाइपात किती दाब आहे, हे झाकण न उघडता कसं कळतं, तो त्यांचा धंदा. गावची पाण्याची टाकी टेकडीवर आहे. पाणी चढलं की नाही, हे बघायला बायकांना वर जावं लागतं. त्यांतली एक माझी आई, गुडघे गेलेली. टाकीत एक तरंगता गोळा सोडायचा आणि त्याची वायर खाली पंपघरापर्यंत आणायची. टाकी रिकामी झाली की पंप आपोआप सुरू आणि भरली की बंद. गेले चार-पाच वर्ग मुलं हेच शिकत होती, आणि शिकता शिकता गावचं काम होत होतं. त्या दिवशी शेवटची जोडणी होती.

अनिताताई फोन घेऊन सोसायटीमागच्या पंपघरात गेल्या. मुलं दारात थांबली. आत यायला त्यांना अब्बांची मनाई होती. पंपवाला समाधान स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तयार होता.

"आधी काय?" अब्बांनी विचारलं.

"कुलूप!" दारातून ओरडा झाला.

हे कुलूप अब्बांनी गावाला येणाऱ्या कुणाबरोबर तरी जुबैलहून पाठवलं होतं. लाल रंगाचं, कारखान्यात वापरतात तसं. तिथे मशीनला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करून कामगार त्याला आपलं कुलूप घालतो आणि वर आपल्या नावाचं कार्ड लटकवतो. ज्याचं नाव, त्यानेच ते काढायचं. साहेब आला तरी दुसऱ्याने काढायचं नाही, कारण आत कुणाचा हात असेल हे बाहेरच्याला कळत नाही. अब्बांनी गावच्या कार्डावर आपला फोटो चिकटवून खाली लिहिलं होतं: मोहियुद्दीन. माणूस कामावर आहे.

"चाचा, तुम्ही तर तिकडे," समाधान म्हणाला. "कुलूप तुमच्या नावाचं कशाला? माझा फोटो लावा की. तेवढीच गावात इज्जत."

"काम माझ्या सांगण्यावर चाललंय ना? मग माणूस मी. मी बोलल्याशिवाय उघडायचं नाही. किल्ली अनिताकडे."

समाधानने मेन बंद केला, कुलूप घातलं, आणि एकेक वायर सोडून नव्या जागी बसवू लागला. मी तवा तापत ठेवला. मग गावची चौकट एकदम काळी झाली. लाइट गेली की टॉवरही जातो, हे ठरलेलंच.

अब्बांना ते लगेच कळलं नाही. ते पुढे वाकून मघाच्या चित्राबद्दल बोलत होते. "समाधान, थांब. गोळ्याची वायर तू मेनच्या पट्टीवर लावलीस. शेजारच्या पट्टीवर घे, पिवळ्या वायरीखाली. असंच चालू केलंस तर करंट टाकीपर्यंत जाईल. वर बायका असतात. समाधान? आवाज येतोय का?"

त्यांनी चष्मा काढून पडदा नीट पाहिला. "गेले वाटतं," ते स्वतःशीच म्हणाले. "कुलूप आहे, काळजी नाही. संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर फोन करतो."

मग त्यांची नजर माझ्या चौकटीवर आली.

"साहेब, तुम्हाला तरी येतोय का आवाज?"

माझे दोन्ही हात मसाल्याने भरलेले होते. हात स्वच्छ असते तर मी उत्तर दिलं असतं की नाही, मला माहीत नाही. ते थोडा वेळ वाट बघत राहिले, हसले, आणि वर्ग बंद केला.

संध्याकाळी मेसच्या रांगेत हातात ताट घेऊन उभे असताना अब्बा खाली बसले, ते उठले नाहीत.

*

कागदपत्रांत आठवडा गेला. कंपनीचा माणूस, पोलीस, वकिलातीचं पत्र. माझा नवरा उसामा रियाध-जुबैल फेऱ्या मारत होता. आईला विचारलं, गावी आणू का. ती म्हणाली, "नको. पेटीतनं आलेले मला नको बघायला. मागच्या सुट्टीत हसत गेले, तेच असू देत."

पुढच्या शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर जुबैललाच दफन झालं. मी गाडीत बसून होते. कबरस्तानाच्या भिंतीबाहेर, माझ्या गाडीपासून थोड्या अंतरावर, रत्नाकरकाका उन्हात उभे होते. अब्बांबरोबर एका खोलीत त्यांची अठरा वर्षं गेली होती. मी काच खाली करून म्हटलं, "काका, एसीत बसा."

"नको बाय. तो उन्हात आहे तोवर मी पण इथेच."

नंतर उसामा कंपनीच्या ऑफिसात सह्या करायला गेला आणि काका मला कॅम्पावर घेऊन आले. बायकांना आतल्या खोल्यांपर्यंत सोडत नाहीत. मी फाटकाजवळच्या पाहुण्यांच्या खोलीत बसले आणि काका अब्बांचं सामान एकेक करून आणत राहिले. बॅग, नमाजची चटई, आणि पाण्याची रेघ पडलेला तो चहाचा कप.

"हा मोबाइल," काका म्हणाले. "मी चार्ज करत राहिलो. बंद पडू दिला नाही. का, ते विचारू नको."

बोलता बोलता तो वाजला. वर्गाची वेळ झाली होती. पडद्यावर अनिताताईंचं नाव होतं. मी घेतला.

चित्र पंपघराचं होतं. लाल कुलूप तसंच होतं, कार्डावर अब्बा तसेच. समाधान हातात लोखंड कापायची करवत घेऊन उभा होता. दारात मुलं नव्हती; हंडे घेतलेल्या बायका होत्या.

"उमामाताई, माफ करा," अनिताताई म्हणाल्या. "आजच्या दिवशी फोन करायला नको होता. पण सोमवारपासून टाकी कोरडी आहे. सगळ्या खाडीकडच्या विहिरीवर जातायत, ते पाणी खारट. वायरमन उद्या येतो, उद्या येतो म्हणतोय. किल्ली माझ्याकडे आहे, पण मी देत नाही म्हणून समाधान करवत घेऊन आलाय."

"देत नाही म्हणजे काय?" मागून एक बाई कडाडली. "तुझं ते कुलूप हंड्यात घाल नि पी!"

"पिते की!" अनिताताई वळून म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून त्यांचा आवाज खाली आला. "चाचांनी सांगितलं होतं, मी बोलल्याशिवाय उघडायचं नाही. काम अर्धं राहिलंय, वायरी कशा आहेत मला कळत नाही. त्यांच्या सामानात काही असेल का हो?"

मला वाटत होतं, मगरिबनंतर त्यांचा फोन झाला असेल. आठवडाभर मी हजार गोष्टींचा विचार केला होता, पण पंपाचा एकदाही नाही. तो फोन कधी झालाच नव्हता. ती चूक दुरुस्त झालीच नव्हती. ती ठाऊक असलेल्या दोन माणसांपैकी एकाला आम्ही दुपारीच मातीत ठेवलं होतं.

"समाधान," मी म्हटलं, "करवत खाली ठेवा."

"मॅडम, आज गाव मला सोडणार नाही."

"ठेवा. तुम्ही गोळ्याची वायर मेनच्या पट्टीवर लावली आहे. चालू केलंत तर करंट टाकीपर्यंत जाईल. आता वर कुणी आहे का?"

दारातली एक बाई हळूच म्हणाली, "माझी सून गेलीय. पाणी आलं की हाक मारते म्हणाली."

समाधानने करवत जमिनीवर ठेवली. वाकून स्विचबोर्डाच्या पेटीतली एकेक वायर पाहिली.

"खरं आहे," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "पण तुम्हाला कसं कळलं? लाइन तर गेली होती."

"आमची गेली," अनिताताई म्हणाल्या. "चाचांची चालू असणार. पण तेव्हा तिथं तर फक्त ते..." त्या थांबल्या. "ते मुके साहेब होते."

"मीच होते ती," मी म्हटलं.

रत्नाकरकाका चटईची घडी घालत होते, त्यांचे हात थांबले. अनिताताईंनी तोंडावर पदर धरला, आणि त्या हसल्या की रडल्या ते दिसलं नाही.

मी समाधानला सांगत गेले: मेन बंदच राहू द्या, कुलूप राहू द्या. पिवळ्याखालची पट्टी. स्क्रू सैल करा. ओढून बघा, घट्ट बसली का. अब्बांचे शब्द मला त्यांच्याच क्रमाने आठवत होते. त्याचं काम झालं. एका बाईने जाऊन टेकडीवरच्या सुनेला खाली बोलावून आणलं. आता कुलूप तेवढं राहिलं होतं.

"काका," मी विचारलं, "कारखान्यात, ज्याचं कुलूप आहे तो माणूसच नसला तर काय करतात?"

काका खुर्चीत बसले. "घाई करत नाहीत. फोरमन येतो. तो माणूस साइटवर नाही ना, याची खात्री करतो. आधी नाव घेऊन हाक मारायची, मोठ्याने. उत्तराची वाट बघायची. उत्तर आलं नाही की मगच काढायचं." त्यांनी चटई मांडीवर घेतली. "शिफ्ट संपल्यावर कुणी कुलूप विसरून गेला की करतात असं. मी मारतो हाक, बाय. तू राहू दे."

"नको," मी म्हटलं. "मी मारते."

मी फोन अब्बांच्या कपाला टेकवून उभा केला. अनिताताईंनी किल्ली कुलपाजवळ नेली आणि त्या थांबल्या. कार्डावरचा फोटो जुना होता, केस काळे असतानाचा. माणूस कामावर आहे. सगळे माझ्याकडे बघत होते आणि या वेळी माझा चेहरा त्यांना दिसत होता.

"अब्बा," मी हाक मारली. खोलीत एसीची घरघर होती. मी वाट बघितली. मग पुन्हा, मोठ्याने: "अब्बा, येतोय आवाज. दर शुक्रवारी येत होता."