चालतं इंजिन बंद केलं त्या दुपारी

मित्रांनो, मी एक जुना डिझेल फिल्टर आहे. पत्र्याचा डबा, पोटात घड्यांचा कागद. पाच मजली इमारतीच्या जनरेटरवर मी बसलो होतो. डिझेलमधला गाळ अडवायचा आणि इंजिनाला स्वच्छ डिझेल द्यायचं, एवढंच माझं काम. खरं तर मला दरवर्षी बदलायला हवं होतं. पण इमारतीचे सेक्रेटरी येईल त्याला कौतुकाने सांगत, "तीन वर्षं झाली, याला हात लावावा लागला नाही." मलाही ते ऐकून बरं वाटायचं.

एका दुपारी वीज गेली. चौथ्या मजल्यावर पाच वर्षांच्या मुलीचं प्राणवायूचं यंत्र आता माझ्या भरवशावर होतं. अर्ध्या तासात इंजिन धापा टाकू लागलं. इमारतीच्या वायरमनकाकांनी दुखणं लगेच ओळखलं: मी गाळाने तुंबलो होतो. नवा फिल्टर कपाटात होता, पण तो बसवायचा तर इंजिन बंद करणं भाग होतं.

मुलीची आई धावत खाली आली.

"बंद नका करू काका. रडतखडत का होईना, चालू आहे ना?"

"ताई, ते आपणहून थांबलं तर सांगून थांबणार नाही. मी बंद केलं तर तुम्हाला तयारी तरी करता येईल. वर सिलिंडर आहे?"

"आहे. वीस मिनिटं पुरेल."

"मला दहा लागतील."

तिने सासूबाईंना फोन लावला. "आई, नळी सिलिंडरला जोडा... जोडली? काटा हलतोय?" मग काकांकडे न बघताच म्हणाली, "करा बंद."

सगळं शांत झालं. काका मला फिरवू लागले, पण मी जागचा हलेना. मला आवळून फिरवायचा पट्टा दोनदा सटकला.

"तीन वर्षांचं कौतुक चिकटलंय," काका पुटपुटले.

"पाच मिनिटं झाली, काका."

शेवटी मी सुटलो. नवा बसला. आत शिरलेली हवा काढायला काका इंजिनावरचा छोटा हातपंप दाबत राहिले. डिझेलऐवजी नुसता फेस येत होता.

"अकरा."

इंजिन खोकलं आणि गप्प झालं. काका पुन्हा पंप दाबू लागले.

"चौदा. काका, बोला ना काहीतरी."

काकांनी चावीला हात घातला. पुन्हा चावी फिरली आणि इंजिन धडधडू लागलं.

"आई? लागलं यंत्र?" ती ऐकत राहिली आणि मग तिथेच फरशीवर बसली.

मित्रांनो, तुमच्या इमारतीत, शाळेतही माझा एखादा भाऊ मुकाट्याने राबत असेल. मोठ्यांना एवढंच विचारा, हा शेवटचा कधी बदलला? त्यांना आठवावं लागलं, तर समजा उशीर झालाय.