पाच अक्षरांचे सात शब्द

“सहाच झाले,” ओनोरिओदे म्हणाला आणि बदामाच्या झाडाखाली बसलेल्या आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या.

आमच्या सापेले गावच्या स्क्रॅबल क्लबात दर रविवारी, चर्च सुटल्यावर, खेळाच्या आधी ‘हाक’ होते. एकाने दोन अक्षरं पुकारायची. दुसऱ्याने ती दोन्ही अक्षरं असलेले पाच अक्षरी इंग्रजी शब्द झाडून सगळे म्हणायचे आणि शेवटी आकडा सांगायचा. अर्थ कुणी विचारत नाही, कारण निम्म्या शब्दांचा कुणालाच ठाऊक नसतो. चुकेल त्याने सगळ्यांना थंड पेयाची बाटली पाजायची. अठरा वर्षं मी या क्लबचा सचिव आहे, म्हणजे पट पुसतो आणि भांडणं मिटवतो. या अठरा वर्षांत ओनोरिओदेवर कुणाला थंड पाजायची वेळ आली नव्हती. त्या दिवशी मीच जे आणि व्ही पुकारले होते. क्लबच्या वहीत त्यांचे सात शब्द आहेत.

“आहेत सात. एक कुठंतरी दडून बसलाय मेला,” तो कपाळ पुसत म्हणाला.

“जे-ए-व्ही-ई-एल,” शेजारीच रस्त्याच्या कडेला केळी भाजणारी त्याची बायको ओघाले मान न वळवता म्हणाली.

एकच हशा पिकला. “अंकल, राज्याच्या संघात आता आंटीलाच पाठवू या!” कुणीतरी ओरडलं. ओघालेने सहावीतच शाळा सोडलेली. पण नवरा रोज पहाटे अंघोळ करताना याद्या घोकायचा, त्या तीस वर्षांत तिच्या कानात बसल्या होत्या. ओनोरिओदेही हसला. मात्र बाटल्यांची झाकणं काढताना तो तेच सात शब्द पुन्हा पुन्हा पुटपुटत होता. मला ते मुळीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या शिवणाच्या दुकानात आला आणि माप द्यायला उभं राहावं तसा ताठ उभा राहिला.

“माझा बाप अठ्ठावन्नाव्या वर्षी आमच्याच फाटकाशी उभा राहून विचारायचा, हे घर कुणाचं? मला सत्तावन्नावं लागलंय.”

“अरे, एक शब्द विसरलास तर केवढं! मी सासूचं नाव विसरतो.”

“तुझ्या विसरण्यानं कुणी मरत नाही, सचिव. मी औषधांच्या कोठारात बसतो.”

चर्चच्या दवाखान्यात एकोणतीस वर्षं तो कोठार सांभाळत होता. नर्सने चिठ्ठी दाखवायची आणि त्याने फळीकडे न बघता नेमकी बाटली काढून द्यायची, असा त्याचा लौकिक होता. त्या न बघण्याचं गावाला केवढं कौतुक!

“एक कमी पडला हे मला कळतंय, तोवर डोकं माझं आहे,” तो म्हणाला. “ज्या दिवशी कमी पडेल आणि मला कळणारसुद्धा नाही, त्या दिवशी तू सांगायचंस. मी काम सोडीन. ओघाले नाही सांगणार, ती सांभाळून घेत बसेल. तू सांगशील. वचन दे.”

मी दिलं. वचन देताना माणसाला काय जातं!

पुढचे तीन महिने वाईट गेले. हाकेत तो अडला की ओघाले केळी उलटता उलटता शब्द पुरवायची आणि लोक हसायचे. एकदा त्याने मला आपल्या मुलाच्या, वोकेच्या, परीक्षेचं सांगितलं, पाणी प्यायला आणि तेच पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. एकदा दवाखान्यातली नर्स म्हणाली की मोठ्यांच्या तापाचं औषध लहान मुलांच्या फळीवर लागलं होतं, तिने वेळेत पाहिलं म्हणून बरं. मी हे ऐकलं आणि कात्री चालवत राहिलो.

मग तो रविवार आला. हवेत कोरडी धूळ होती, सूर्य फिकट दिसत होता. कुणीतरी थट्टेने पुन्हा जे आणि व्हीच पुकारले. ओनोरिओदेने डोळे मिटून शब्द म्हटले, न अडखळता, आणि हाताची घडी घातली. “सात. पूर्ण!”

त्याचे शब्द क्लबात कुणी मोजत नसे, तो सांगेल तोच आकडा. मी मात्र टेबलाखाली बोटांवर मोजले होते. पाच.

ओघालेचा चिमटा हवेतच थांबला होता. तिने माझ्याकडे पाहून किंचित मान हलवली. नको. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. स्वतःची लाज वाटत होती, तरी वाजवल्या.

तेवढ्यात पाठीशी तान्हं बांधलेली एक बाई केळी घ्यायला आली. ओनोरिओदेला पाहून म्हणाली, “बाबा, उद्या सकाळी याचं औषध न्यायला येते हं.”

“ये, ये. मी असतोच.”

ओघालेने चिमटा खाली ठेवला. कमरेच्या कापडाला हात पुसत ती आमच्या टेबलाशी आली.

“वोकेचे बाबा, पाचच झाले.”

तो हसला. मग तिचा चेहरा पाहून थांबला आणि माझ्याकडे वळला. “सचिव?”

“पाच,” मी म्हणालो.

“आणि तू टाळ्या वाजवल्यास.”

त्याने अक्षरांची पिशवी दोरी ओढून बंद केली. मग हळूच, इतरांना ऐकू जाणार नाही असं, म्हणाला, “उद्या सकाळी घरी ये. मला दवाखान्यात घेऊन चल, मी त्यांना सांगतो. हे आत्ताचं मी विसरलो असेन, तरी ऐकू नकोस माझं. मी चिडलो तरी सांग.”

सकाळी मी गेलो. रात्रभर मनाशी म्हणत होतो, त्याच्या लक्षात असू दे. फाटक उघडंच होतं. अंगात इस्त्रीचा निळा सदरा, खिशाला पेन, केस ओले. मागे दारात ओघाले उभी होती, डोळे सुजलेले.

“काय रे सचिव,” तो प्रसन्न हसत म्हणाला, “एवढ्या सकाळी काय काम काढलंस? लवकर बोल बाबा, एक बाई लेकराच्या औषधाला यायची आहे.”

मी त्याचा हात धरला आणि सांगायला सुरुवात केली.