काळजात अडकलेलं बोट

दुष्काळात बजाजनगरच्या नव्या वसाहतींना टँकरनं पाणी पुरवणाऱ्या सांडूला एक गोष्ट पटतच नव्हती: नात मोनिकाच्या हृदयाला जन्मापासून भोक आहे. "पोरगी खेळती की! जरा दमती, एवढंच. चिरफाड नाय करायची," तो मुलाला दटावायचा.

शेवटी डॉक्टर कालिंदींनी मोनिकाच्या स्कॅनवरून थ्रीडी प्रिंटरवर बनवलेलं, दुप्पट मोठं प्लास्टिकचं हृदय त्याच्या हातात दिलं. "काका, हे बघा भोक."

सांडूनं त्यात बोट घातलं. ते आरपार गेलं आणि अडकलं.

"ओढू नका, मोडेल! ऑपरेशन यावरूनच ठरवायचंय!"

साबण आला, पण दवाखान्याच्या नळाला पाणी नव्हतं. सांडू हृदयासकट फाटकाजवळच्या आपल्या टँकरकडं धावला. हंडे घेऊन उभ्या बायका ओरडल्या, "अगं बाई, कुणाचं काळीज धुतोय ह्यो?"

"माझ्या नातीचं!" म्हणत त्यानं टँकरचा नळ सोडला.

बोट सुटलं. तो डॉक्टरांकडं परतला. "एवढं भोक घेऊन लेकरू पळत होतं व्हय? लवकर शिवा, बाई."

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर मोनिकानं भजी मागितली. डॉक्टर नको म्हणाल्या, तर सांडू त्यांच्याशीच भांडायला उठला.